परिषदेतले वार्धक्य आणि माणदेशातले वार्धक्य

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील एका गावात मी गेली अनेक वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. माझ्या दवाखान्याच्या बाकावर सकाळी बसलेली माणसे बहुतेक साठीच्या पुढची असतात. त्यामुळे वृद्धांचे आरोग्य आणि आरोग्यसेवेतील विषमता या विषयावर कुठे परिषद किंवा वेबिनार असेल, तर मी शक्यतो नाव नोंदवतो. अलीकडे असे कार्यक्रम वाढले आहेत आणि त्याचा मला आनंद आहे. तरीही प्रत्येक कार्यक्रम संपल्यावर एक प्रश्न मनात राहतो. आरोग्यसेवा प्रत्येक वृद्धापर्यंत न्याय्य रीतीने पोहोचली पाहिजे असे सांगणाऱ्या परिषदेने आपले स्वतःचे ज्ञान कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापाशी थांबते, याची तपासणी करायला हवी की नको? माझ्या मते ती करायलाच हवी. ती आयोजकांच्या इच्छेवर न सोडता, अशा कार्यक्रमांना मान्यता देण्याच्या अटींमध्येच तिचा समावेश व्हायला हवा.

वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांनी एकत्र येऊन विचार करण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील जेरॉन्टॉलॉजिकल सोसायटी १९४५ साली स्थापन झाली आणि १९५० साली बेल्जियममधील लिएज येथे या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांनी १९८२ मध्ये व्हिएन्ना येथे व २००२ मध्ये माद्रिद येथे वार्धक्यावरील जागतिक परिषदा भरवल्या, आणि २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले. आपल्या देशात १९९९ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय धोरण आले. त्यानंतर २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. या कायद्याचा उल्लेख बहुधा मुलांकडून मिळणाऱ्या पोटगीच्या संदर्भात होतो. त्याचे २० वे कलम मात्र वैद्यकीय सेवेविषयी आहे. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, जुनाट व असाध्य आजारांवरील उपचारांची सोय वाढवावी, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सोय असून तिचा प्रमुख वृद्धोपचाराचा अनुभव असलेला वैद्यकीय अधिकारी असावा, असे ते कलम सांगते. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वृद्ध कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी स्वतंत्र तपासणी अपेक्षित धरली आहे. म्हणजे काय करायला हवे हे कागदावर पुरेसे स्पष्ट आहे.

आकडेही स्पष्ट आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे १०.४ कोटी होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वार्धक्य अहवालाने २०२२ साठी ही संख्या १४.९ कोटी धरली असून २०५० पर्यंत ती ३४.७ कोटींवर जाईल असा अंदाज मांडला आहे. हे आकडे प्रत्येक परिषदेत सांगितले जातात आणि सांगितलेच पाहिजेत. मात्र आमच्या माणदेशातील माण-खटाव तालुक्यांत वार्धक्य वाढण्याचे आणखी एक कारण आहे, जे देशाच्या सरासरीत दिसत नाही. या दुष्काळी पट्ट्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जात आले आहेत. मुंबईच्या बाजारपेठांत ओझी वाहणारे माथाडी मोठ्या संख्येने सातारा जिल्ह्यातून गेले. शेजारच्या खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतून सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभरातील शहरांत पसरले. तरुण गेले आणि घराला कुलूप लागू नये म्हणून आई-वडील मागे राहिले. शहरातील वृद्धाश्रमांवर चर्चा करताना हे लक्षात घ्यायला हवे की आमच्याकडची अनेक गावे दिवाळी आणि यात्रेचे दिवस सोडले, तर म्हाताऱ्या माणसांनीच चालवलेली असतात. त्यांत विधवा स्त्रिया अधिक असतात, कारण लग्नाच्या वेळी नवऱ्याच्या वयात आणि तिच्या वयात मोठे अंतर होते, आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वर्षे जगतात.

येथे समानता आणि समन्याय या दोन शब्दांतील फरक महत्त्वाचा ठरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. माझ्याकडे येणाऱ्या आजींची रोजची गरज रक्तदाबाची गोळी, चष्मा, कवळी, कानाचे यंत्र आणि गुडघ्यांना आधार देणारी काठी ही असते. शिवाय कार्ड काढायचे तर आधारची पडताळणी लागते, आणि आयुष्यभर खुरपणी, भांगलण केलेल्या हातांच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला पुष्कळदा वाचता येत नाहीत. सर्वांना सारखे कार्ड देणे ही समानता झाली. जिच्या रेषा झिजल्या आहेत तिच्या घरी जाऊन दुसऱ्या मार्गाने पडताळणी करणे हा समन्याय आहे. याचे एक चांगले उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास मोफत झाला. तेव्हापासून, तिकिटाच्या पैशांसाठी मुलाच्या मनीऑर्डरची वाट पाहणारी माणसे स्वतःहून साताऱ्याला डोळे तपासायला जाऊ लागल्याचे मी पाहिले आहे. म्हसवडहून सातारा गाठायला एसटीने दोन-अडीच तास लागतात आणि वस्तीवरून थांब्यापर्यंत चालत यावे लागते, या अडचणी उरल्याच आहेत. तरी एका निर्णयाने अडथळ्याचा एक थर निघाला.

हेच मोजमाप मी परिषदांना लावू इच्छितो. तसे करण्याआधी परिषदांनी मला काय दिले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी एका वेबिनारमध्ये वृद्धांच्या पडण्याविषयी एक तास व्याख्यान झाले. वय वाढले की उभे राहताना रक्तदाब सावरण्याची शरीराची क्षमता मंदावते. बसून किंवा आडवे असताना घेतलेला रक्तदाब आणि उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत घेतलेला रक्तदाब यांत वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० इतका उतरला, तर तो माणूस पडण्याच्या धोक्यात असतो. हे मी विद्यार्थिदशेत वाचले होते. मात्र गर्दीच्या दवाखान्यात प्रत्येक वृद्धाचा रक्तदाब उभे करून पुन्हा घेण्याची सवय मला नव्हती. त्या व्याख्यानानंतर ती लावून घेतली. पहिल्याच महिन्यात असे अनेक रुग्ण सापडले, ज्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या एका ठिकाणाहून, प्रोस्टेटची गोळी दुसरीकडून आणि झोपेची गोळी तिसरीकडून मिळत होती. सर्व गोळ्या आपापल्या जागी योग्य होत्या. पण एकत्र आल्यावर त्या माणसाला रात्री लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घरचे त्याला अशक्तपणा म्हणत आणि सलाईन लावण्याचा आग्रह धरत. गोळ्यांची संख्या व वेळ बदलल्यावर पुष्कळांची चक्कर थांबली. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की अंथरूण धरलेला माणूस पुन्हा पूर्वीसारखा हिंडताफिरता होणे किती कठीण असते, हे ग्रामीण भागातील प्रत्येक डॉक्टर जाणतो. त्या एका तासाने काही खुबे वाचले असतील, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून परिषदांवर पैसा आणि वेळ वाया जातो असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या व्याख्यानातील सर्वांत उपयोगी वाक्य डॉक्टरांसाठी नव्हतेच. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसावे, पाय हलवावेत आणि मग काहीतरी धरून उभे राहावे, हे ते वाक्य होते. ते गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, म्हणजे आशाताईला माहीत हवे, सुनेला माहीत हवे, आणि सर्वांत आधी त्या म्हाताऱ्या माणसाला माहीत हवे. त्यांच्यापैकी कोणीही तेथे नव्हते. व्याख्यान इंग्रजीत होते, वेळ भर दुपारची होती, आणि नोंदणीच्या अर्जात वैद्यकीय परिषदेचा, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या मेडिकल कौन्सिलचा, नोंदणी क्रमांक भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते.

नोंदणी क्रमांक का मागितला जातो, हे समजून घेतले पाहिजे, कारण उपायाची किल्लीही तेथेच आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील आमची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमा करावे लागतात. मान्यताप्राप्त परिषदा व सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांना हजर राहून ते मिळतात. डॉक्टरांनी शिकत राहावे, हा त्यामागील हेतू उत्तम आहे. मात्र त्यामुळे परिषदेचा श्रोता आधीच ठरून जातो. ज्याला पॉइंट हवेत तो येतो, आणि ज्याला पॉइंटशी कर्तव्य नाही त्याला बोलावण्याचे कारण आयोजकांकडे उरत नाही. वृद्धाच्या घरी महिन्यातून एकदा तरी पाऊल टाकणारी आशाताई, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी, सकाळ-संध्याकाळ डायपर बदलणारी सून, औषधांच्या पुड्या बांधून देणारा दुकानदार आणि ज्येष्ठ नागरिक संघाचा सचिव, अशी सारी साखळी सभागृहाबाहेर राहते. वृद्धांची सेवा खऱ्या अर्थाने तीच करते.

वेबिनार आले तेव्हा मला वाटले होते की हे अंतर आता मिटेल. पुण्या-मुंबईच्या हॉटेलातील सभागृह, डेलिगेट फी आणि मुक्कामाचा खर्च हे सर्व टळले, ही लहान गोष्ट नाही. पण पडदा घराघरात आला म्हणून परिषद घरात आली असे होत नाही. आमच्या भागात डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर आजही फोनची रेंज मिळवण्यासाठी माळावर जावे लागते. घरातला स्मार्टफोन मुलाच्या किंवा नातवाच्या हातात असतो. ज्येष्ठांपैकी अनेकांना ऐकू कमी येते आणि भरभर बोलणाऱ्या वक्त्याचा फोनमधून येणारा आवाज त्यांना नुसता गोंगाट वाटतो. पडद्यावर मराठी अक्षरे ठळक दिसावीत, वक्त्याने सावकाश बोलावे, नंतर ध्वनिमुद्रण मिळावे, या साध्या गोष्टी ज्या विषयावर परिषद आहे त्याच विषयाच्या अभ्यासातून सुचायला हव्यात. श्रवणदोषावर उत्तम निबंध वाचले गेलेल्या एका वेबिनारमध्ये, कमी ऐकू येणाऱ्या श्रोत्यासाठी कोणतीही सोय नव्हती हे मी पाहिले आहे. आयोजकांच्या मनात वाईट काही नव्हते. कमी ऐकू येणारा माणूस श्रोता म्हणून येईल, ही शक्यताच त्यांच्यासमोर उभी राहिली नव्हती.

मराठी आणले की सारे सुटेल, असाही माझा समज नाही. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्वेकडील सीमेवरच्या गावांत घरची भाषा कन्नड आहे, आणि तेथील म्हाताऱ्या बाईला मिरजेतील मोठ्या रुग्णालयात मराठीतूनही आपले दुखणे नीट सांगता येत नाही. मिशनरी डॉक्टर वॅनलेस यांच्या काळापासून मिरज हे वैद्यकीय उपचारांचे मोठे ठाणे आहे. कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येत आले आहेत आणि त्यामुळे तेथे कन्नड समजणारी माणसे भेटतात. तरी हे सुदैव प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला येत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यातल्या वृद्धांना तर डॉक्टर गाठायचा म्हणजे आधी लाँच गाठावी लागते. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत विषमतेचे इतके प्रकार आहेत, आणि परिषदेत मात्र ग्रामीण वृद्ध नावाचा एकच माणूस असतो.

यावर माझ्या काही व्यवसायबंधूंचा आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात की परिषद ही तज्ज्ञांची जागा आहे. औषधांच्या मात्रा, मूत्रपिंडाच्या कार्याचे मोजमाप, स्मृतिभ्रंशाचे प्रकार यांची चर्चा तांत्रिक भाषेतच होऊ शकते, आणि सर्वांना सर्व कळावे असा हट्ट धरला तर चर्चा उथळ होईल. लोकांना सांगायचे असेल तर आरोग्य शिबिरे आहेत, १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाचे कार्यक्रम आहेत. तज्ज्ञांना तज्ज्ञांशी बोलण्यासाठी स्वतंत्र जागा हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. वृद्धोपचारात प्रशिक्षित डॉक्टर आपल्याकडे इतके थोडे आहेत की त्यांनी एकमेकांना भेटणे गरजेचेच आहे. पण ज्या परिषदेच्या शीर्षकात आरोग्यसमता हा शब्द आहे, तिला ही सवलत तितक्या सहज घेता येणार नाही. समतेचा प्रश्न प्रयोगशाळेत कळत नाही. तो ज्यांच्या अनुभवात आहे त्यांना बाहेर ठेवले, तर त्या परिषदेचे शास्त्रच अपुरे राहते. १ ऑक्टोबरला शाल-श्रीफळ देऊन होणारे सत्कार मायेने केलेले असतात, परंतु त्यांत वृद्धाला कोणी प्रश्न विचारत नाही आणि त्याचे उत्तर टिपून घेत नाही.

शास्त्र अपुरे राहते हे मी अनुभवाने म्हणतो. त्या पडण्यावरील व्याख्यानातला मजकूर मी साध्या मराठीत लिहून काढला आणि आमच्या जवळच्या उपकेंद्रात आशाताईंच्या मासिक बैठकीत तासभर सांगितला. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरण्यासाठी आशाताईंकडे जो सीबॅक फॉर्म असतो, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत कोणाची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का, असे ते प्रश्न आहेत. परिषदेत ज्यांना महागड्या चाचण्यांची प्राथमिक पायरी म्हणतात, ते प्रश्न या बायका घरोघर विचारत आल्या आहेत. तोल जातो असे उत्तर आल्यास पुढे काय करायचे, हे मात्र त्यांना कोणी नीट समजावले नव्हते. तासाभराने त्या बोलू लागल्या आणि मी वहीत लिहून घेऊ लागलो. एकीने सांगितले की तिच्या वस्तीवरच्या बहुतेक म्हाताऱ्या बायका दिवस मावळल्यावर पाणी पीत नाहीत, कारण संडास परड्यात आहे आणि रात्री अंधारात जाण्याची भीती वाटते. माणदेशातल्या उन्हाळ्यात दिवसभर घाम गाळून संध्याकाळपासून पाणी बंद केलेल्या बाईचा रक्तदाब पहाटे उठताना का उतरतो, याचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. मी त्या बायकांच्या गोळ्या कमी करत होतो. खरे तर परड्यातल्या वाटेवर एक दिवा लागायला हवा होता.

हे निरीक्षण कोणत्याही निबंधात मी वाचले नव्हते आणि ते निबंधात येण्याची वाटही आज नाही. ती वाट तयार करणे अवघड नाही. वृद्धांच्या आरोग्यावरील ज्या परिषदेला किंवा वेबिनारला क्रेडिट पॉइंट हवे असतील, तिने किमान एक सत्र जिल्ह्याच्या भाषेत, आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि वृद्धांची देखभाल करणारे कुटुंबीय यांच्यासाठी विनाशुल्क ठेवावे, अशी अट महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने घालावी. त्या दिवसाचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी आयोजकांनी द्यावी. औषध कंपन्यांच्या पैशातून डेलिगेटांना बॅगा व जेवणे मिळतात, तर त्या खर्चातून हा भाग निघू शकतो. त्या सत्रात तज्ज्ञांनी निम्मा वेळ बोलावे आणि निम्मा वेळ ऐकावे, आणि ऐकलेले प्रश्न परिषदेच्या छापील अहवालात प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेत यावेत. याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढच्या वर्षीची परिषद सुरू होताना मागच्या वर्षीच्या प्रश्नांचे काय झाले, हे व्यासपीठावरून सांगितले जावे. एखाद्या तालुक्याचे नाव घेऊन, तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांची साप्ताहिक तपासणी वर्षभर नियमित झाली की नाही, एवढे जरी सांगितले तरी पुरेसे आहे. परिषद भरवणारी संस्था सरकार नव्हे, ती हे कसे करणार, असे कोणी विचारील. तिने तपासणी भरवायची नाही. तिने फक्त विचारायचे आहे, आणि जाणकारांनी जाहीरपणे विचारलेल्या प्रश्नाला जिल्ह्याच्या प्रशासनाला उत्तर द्यावे लागते.

हे सारे घडायला वेळ लागेल. तोवर आमच्यासारख्या डॉक्टरांनी आपल्या वाट्याचे काम करायला हरकत नसावी. प्रत्येक परिषदेनंतर एक पान मराठीत लिहून जवळच्या उपकेंद्रात वाचून दाखवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मी ते गेले वर्षभर करतो आहे, आणि माझ्या पानापेक्षा त्यानंतरची चर्चा नेहमीच अधिक मोलाची ठरली आहे.

त्या पहिल्या बैठकीच्या शेवटी एक आशाताई उठून म्हणाल्या, "डॉक्टर, दोन मिनिटं पलंगावर बसायचं हे मी सगळ्यांना सांगीन. पण आमच्या वस्तीवरची आक्का एकटीच राहती, तिची दोन्ही पोरं मुंबईला हायत. ती रात्री पडली, तर सकाळी दूधवाला येईपर्यंत कुणाला कळायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या महिन्यात वृद्धांच्या आरोग्यसमतेवर एक परिषद आहे. तिच्या आयोजकांनी आगाऊ प्रश्न मागवले आहेत. मी हा प्रश्न त्या आशाताईंच्याच शब्दांत लिहून पाठवला आहे, आणि त्यांना त्या परिषदेत ऑनलाइन जोडून घ्यावे, अशी विनंती सोबत केली आहे.